भात्यातला कागद

माणूस कसा वाजवत आला
हे मला कानाआधी बोटांना कळतं.
मी मेहबूब. जालन्यात सराफ्यामागच्या बोळात
पेट्या दुरुस्त करतो, ऑर्गन करतो,
नसेल काम तर शिलाई मशीनही.

काल चर्चमधला ऑर्गन उघडला.
एलिया निर्मळ, वय एकोणऐंशी,
बाजूच्या बाकावर बसून राहिला,
बायकोला आत नेल्यावर
दवाखान्यात नवरा बसतो तसा.

डावं पायडल झिजून पातळ झालंय, उजवं जवळपास कोरं.
उजव्या गुडघ्यात सळई आहे त्याच्या.
मोंढ्याच्या फाटकात ज्वारीचा ट्रक मागं आला होता.
तेव्हापासून एकाच पायानं वारा भरत आला
आणि खाली बसलेल्या कुणाला
कधी ऐकू आलं नाही.

मधल्या पट्ट्यांना खळगे, पाट्याला पडतात तसे.
ती गीतं. रविवारी तीच, लग्नाला तीच,
मयताला तीच, फक्त सावकाश.
पण पार खालच्या टोकाला, जिथं गीतांचं काही काम नसतं,
तिथल्या पट्ट्याही गुळगुळीत.
ते सोमवार ते शनिवार.
बाजार समितीतली मापं संपली
की नखांत भुसा घेऊन तो इथं यायचा,
दार आतून लावायचा
आणि जर्मन बाईनं शिकवलेलं ते काढायचा:
एकानं हाक द्यायची,
दुसऱ्यानं तीच हाक वरच्या आळीतून,
तिसरा उशिरा उठलेला, धावत,
चौथा खालून, जाड आवाजाचा, त्याला घाई नाही.
कुणी कुणाची वाट अडवत नाही.
शेवटी चौघं एका ओट्यावर येऊन टेकतात.
मी खिडकीखाली सायकल धरून ऐकलंय.
मला वाटायचं, आमचा मोहल्ला वाजवतोय हा,
चांगल्या दिवसांतला.

तीन हंगाम नाटक कंपनीबरोबर हिंडला, परभणी, सेलू, नांदेड.
नायक सुरावरून घसरला की
हा हळूच खाली उशी सरकवायचा.
टाळ्या नायकाला.
मग वरातीतला कॅसिओ, हातगाडीवर उभं राहून,
जनरेटरच्या धुरात.
त्याबद्दल तो बोलत नाही.
दोन पोरी नर्स झाल्या त्यावर.
पुढं चर्चनंही विजेचा कीबोर्ड घेतला;
लोडशेडिंगचा रविवार असला
की एलियाकडे माणूस पळत यायचा.

तर भाता.
मागच्या घडीत एक ठिगळ निघालं.
चामडं नव्हे. कागद, चौपदरी, सरसानं डकवलेला.
उन्हात धरला. इंग्रजी.
मला इंग्रजीतले आकडे आणि गावांची नावं येतात,
पार्सलांमुळे.
कलकत्ता. एकोणीसशे एकाहत्तर. रुपये साडेचारशे.
कोपऱ्यात छापलेलं चर्चचं चित्र,
आणि आत भिंतभर नळ्या,
उसाच्या फडासारख्या उभ्या.

म्हणजे इतकी वर्षं
इथल्या प्रत्येक गीताचा वारा
या पत्राला घासून वर गेला.

मी विचारलं नाही.
ठिगळ बदलायचंच होतं. शेळीचं पातळ चामडं कापलं,
कडा तासल्या, बसवलं, कागद खिशात.
म्हणालो, बघा वाजवून.

त्यानं चौघांना बोलावलं.
पहिला आला. दुसरा. तिसरा धावत.
चौथ्याच्या आधी हात थांबले.

“मेहबूब, इथं एक बारीक सुस्कारा होता.
तो कुठं गेला?”

मी खिसा चाचपला.
“परत लावू का?”

तो चष्मा पुसत राहिला, बराच वेळ,
शर्टाच्या त्याच त्या टोकानं.
मग म्हणाला,
“चामड्याचे किती लावलेस?”